जुन्या गाडीचा टोटल लॉस: कंपनी देऊ करते ती रक्कम आणि हक्काची रक्कम

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या नावावर २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, इंजिन १२०० सीसीच्या आतलं, एकहाती वापरलेली. खंबाटकी घाटात मागून ट्रकने धडक दिली, गाडी पुढच्या टेम्पोत घुसली, एअरबॅग उघडल्या. माणसं सुखरूप. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत) २,४०,००० रुपये. वर्कशॉपचं एस्टिमेट २,७७,०००. विमा कंपनी म्हणते, गाडी टोटल लॉसमध्ये (दुरुस्ती परवडणार नाही इतकं नुकसान) बसत नाही, दुरुस्त करून घ्या, आमच्याकडून १,७५,५०० मिळतील. दुरुस्ती नको असेल तर १,३५,००० घ्या आणि फाईल बंद करू. वडिलांचं म्हणणं, अशी सांभाळलेली गाडी आज तीन लाखांना मिळत नाही, तेवढे तरी कंपनीने द्यावेत. शिवाय घरातल्या दुसऱ्या जुन्या गाडीचा विमा पुढच्या महिन्यात संपतोय, तिची आयडीव्ही किती ठेवावी?

मी बरीच वर्षं सर्व्हेअर म्हणून नुकसानीचे हिशेब काढले आणि आता अडकलेल्या क्लेममध्ये गाडीमालकांची बाजू मांडतो. दोन्ही टेबलांवर बसलेलो असल्यामुळे सांगतो, तुमच्या प्रकरणात वडिलांचा तीन लाखांचा आग्रह टिकणार नाही आणि कंपनीचा १,३५,००० चा आकडाही टिकणार नाही. तुमची लढाई २,३९,००० साठी आहे, म्हणजे आयडीव्हीतून १,००० रुपये सक्तीची वजावट जाऊन उरणारी रक्कम. ती मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण त्यासाठी बाजारभावावरचं बोलणं थांबवून कागदांवर यावं लागेल.

बाजारभाव का चालत नाही ते आधी समजून घ्या, कारण निम्मे लोक इथेच दमतात. आपल्याकडे गाडीच्या विम्यात आयडीव्ही हा पॉलिसी घेतानाच ठरलेला आकडा असतो. २००२ च्या मोटर टॅरिफपासून (गाडीच्या विम्याचे दर आणि अटी ठरवणारी नियमावली) चालत आलेली भाषा आजही बहुतेक पॉलिसींमध्ये जशीच्या तशी आहे: टोटल लॉसच्या वेळी आयडीव्ही हीच बाजारभाव मानली जाईल, पॉलिसीच्या मुदतीत तिच्यातून आणखी घसारा (जुनेपणामुळे घटणारी किंमत) कापला जाणार नाही. ही तलवार दोन्ही बाजूंनी चालते. तुम्ही ओएलएक्सवरच्या दहा जाहिराती दाखवल्या तरी आयडीव्ही वाढणार नाही. पण सर्व्हेअर “आज या गाडीला दोन लाखसुद्धा येत नाहीत” म्हणाला, तर त्यालाही तितकाच अर्थ नाही. जो आकडा मान्य करून कंपनीने प्रीमियम घेतला, तो आकडा क्लेमच्या वेळी तिला नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितलं आहे. तेव्हा कोणी फोनवर “गाडी जुनी आहे हो” असं सुरू केलं, की एकच वाक्य बोला: गाडी जुनी आहे हे धरूनच आयडीव्ही ठरली आहे.

नवे चार टायर, नुकतीच बदललेली बॅटरी, दर सहा महिन्यांची सर्व्हिस, याचे वेगळे पैसे टोटल लॉसमध्ये मिळत नाहीत. वडिलांना हे ऐकून वाईट वाटेल, मला कळतं. गाडी सांभाळणाऱ्या माणसाला हा हिशेब अन्यायाचाच वाटतो. पण त्या सांभाळण्याची किंमत मागण्याची जागा रिन्यूअलची असते, त्याकडे शेवटी येतो.

आता खरा मुद्दा. गाडी टोटल लॉस कधी मानायची? पॉलिसीतलं कलम म्हणतं की गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटी-शर्तींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर. तुमच्या बाबतीत ही रेषा १,८०,००० वर आहे. एस्टिमेट २,७७,०००. मग कंपनी नाही का म्हणते? कारण ती एस्टिमेट मोजत नाही. घसारा कापून तिच्यावर जेवढी रक्कम पडते, तेवढीच ती मोजते.

तुम्ही पाठवलेल्या असेसमेंट शीटवर हे कसं झालंय ते बघा. बॉनेट, फेंडर, रेडिएटर सपोर्ट, डिकी वगैरे धातूचे पार्ट १,२०,००० चे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूवर ४० टक्के घसारा, राहिले ७२,०००. बंपर, ग्रिल, इतर प्लास्टिक आणि रबर ६२,००० चं, त्यावर ५० टक्के, राहिले ३१,०००. एअरबॅग आणि बॅटरी ३८,०००, तिथेही ५० टक्के, राहिले १९,०००. काचा १५,०००, काचेवर घसारा नसतो, पूर्ण १५,०००. मजुरी २२,०००, पूर्ण. पेंटिंग २०,०००; एकत्रित बिलात पेंटच्या मालाचा भाग २५ टक्के धरायचा आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे २,५०० गेले आणि १७,५०० राहिले. बेरीज १,७६,५००. वजावटीचे १,००० काढले की कंपनीचा १,७५,५०० चा आकडा आला. वजावटीआधीच्या १,७६,५०० चं आयडीव्हीशी प्रमाण साडेत्र्याहत्तर टक्के. रेषेपासून ३,५०० रुपये अलीकडे.

गणितात चूक नाही. घसाऱ्याचे दरही पॉलिसीप्रमाणेच आहेत. पण याचा परिणाम काय होतो पाहा: गाडी दुरुस्त केली तर तुमच्या खिशातून १,०१,५०० जाणार, आणि हातात येणार अपघातात दोन्ही टोकांनी दबलेली नऊ वर्षांची गाडी. जुन्या गाडीच्या मालकाला सगळ्यात जास्त फटका इथे बसतो. नवीन गाडीला बहुधा झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, घेतलेलं असतं, त्यामुळे एस्टिमेट आणि कंपनीचा आकडा जवळजवळ सारखे राहतात. जुन्या गाडीला ते कव्हर बहुतेक ठिकाणी मिळतच नाही, म्हणून दोन्ही आकड्यांत लाख लाखाचं अंतर पडतं आणि मालक त्या फटीत अडकतो.

यातून बाहेर पडायला तीन वाटा आहेत आणि तुमच्याकडे तिन्ही उघड्या आहेत.

पहिली वाट कलमाच्या शब्दांची. कलमात “दुरुस्तीचा खर्च” असं लिहिलंय, “कंपनीची देयता” असं लिहिलेलं नाही. कंपनी “अटी-शर्तींच्या अधीन” या शब्दांवर बोट ठेवते आणि घसारा ही त्यातलीच अट आहे म्हणते. दोन्ही वाचनं शक्य आहेत, हे मी मान्य करतो. पण विम्याचा करार कंपनीने लिहिलेला असतो आणि त्यात संदिग्धता असेल तर अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा, हे विमा कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. हा मुद्दा लेखी मांडून ठेवा. क्लेम मॅनेजर त्यावर मान डोलावेल अशी अपेक्षा करू नका, तो पुढे विमा लोकपालांसमोर कामाला येतो.

दुसरी वाट शीटमध्ये काय राहून गेलंय ते पाहण्याची, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक प्रकरणं याच वाटेने सुटतात. पहिला सर्व्हे गाडीचे भाग न उघडता, बाहेरून होतो. एअरबॅग उघडली म्हणजे तिचं कंट्रोल मॉड्यूल, सेन्सर, सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, बहुतेक वेळा डॅशबोर्डसुद्धा बदलावा लागतो. तुमच्या शीटमध्ये मला दोन एअरबॅग दिसतात, मॉड्यूल आणि प्रीटेन्शनर दिसत नाहीत. मागून ट्रक बसलेला असताना मागचा फ्लोअर आणि चॅसिसचा मागचा भाग जागेवर आहे की सरकला, याचं मोजमाप कुठेच नाही. वर्कशॉपकडून गाडी उघडून सप्लिमेंटरी एस्टिमेट मागा आणि कंपनीला ईमेल करा की उघडल्यावर सर्व्हेअरने पुन्हा येऊन पाहावं. एस्टिमेटवर जीएसटी धरलाय की “कर वेगळा” असं खाली बारीक अक्षरात आहे, तेही पाहा. अनेकदा सर्व्हेअर कराआधीचा आकडा उचलतो. क्रेनचं बिल जोडा, कारण गाडी उचलून आणण्याचा खर्च कलमातच आहे. तुम्हाला रेषेपर्यंत ३,५०० हवेत. एकट्या मॉड्यूलने घसारा कापूनही ते अंतर भरून निघायला हरकत नाही. मात्र खरं नुकसान तेवढंच दाखवा. वर्कशॉपचा माणूस “एस्टिमेट फुगवून देतो” म्हणाला तर नको म्हणा. फुगवलेला एक पार्ट सापडला की सर्व्हेअर बाकीच्या खऱ्या पार्टवरही शंका घेतो, आणि खोट्या मागणीवर अख्खा क्लेम नाकारता येतो.

तिसरी वाट फार कमी लोकांना ठाऊक असते. सर्व्हेअर रिपोर्ट लिहिताना वेगवेगळे हिशेब शेजारी शेजारी मांडतो: दुरुस्तीला किती, टोटल लॉसला किती, आणि आयडीव्हीतून मोडक्या गाडीची किंमत वजा करून किती. या शेवटच्या प्रकाराला आमच्याकडे नेट ऑफ साल्व्हेज म्हणतात. कंपनी साहजिकच तिला स्वस्त पडेल तो मार्ग निवडते. आता तुमचे आकडे घाला. दुरुस्तीचा मार्ग कंपनीला १,७५,५०० ला पडतो. मोडक्या गाडीला ७०,००० ची ऑफर असेल तर २,४०,००० मधून ७०,००० आणि १,००० गेले, कंपनीला १,६९,००० पडतात. म्हणजे टोटल लॉस तिला ६,५०० रुपयांनी स्वस्त! आणि तुम्हाला कंपनीकडून १,६९,००० अधिक खरेदीदाराकडून ७०,०००, मिळून २,३९,०००. साल्व्हेजची ऑफर ६३,५०० च्या वर गेली की कंपनीचा आणि तुमचा फायदा एकाच बाजूला येतो. इंजिन, गिअरबॉक्स, चारही दरवाजे शाबूत असलेल्या, चालत्या मॉडेलच्या गाडीला अपघाती गाड्या घेणारे व्यापारी पैसे मोजतात, कारण तिच्या पार्टना मागणी असते. म्हणून हात जोडून विनंती करण्यापेक्षा दोन-तीन लेखी ऑफर स्वतः मिळवा आणि सर्व्हेअरसमोर ठेवा. मी सर्व्हेअर होतो तेव्हा असा कागद घेऊन येणारा मालक क्वचितच भेटायचा, आणि आला की काम सोपं व्हायचं, कारण वरिष्ठांना पटवायला माझ्या हातात आकडा असायचा.

या वाटेवर एक धोका मात्र आहे. कंपनीने आपल्या पोर्टलवर बोली मागवली आणि कोणीतरी ९५,००० लावले म्हणून तेवढे तुमच्या आयडीव्हीतून कापले, पण प्रत्यक्ष गाडी न्यायला आलेला माणूस ६०,००० वर अडला, तर ३५,००० चा खड्डा तुमच्या खात्यात पडतो. बोलीला मुदत असते. तुमच्या संमतीला पंधरा दिवस लागले तर बोली लावणारा मोकळा होतो आणि कापलेली रक्कम मात्र तशीच राहते. म्हणून संमती देताना लिहून द्या की कंपनीने ठरवलेल्या खरेदीदाराने त्याच रकमेत गाडी उचलली तरच ही संमती लागू राहील. नाहीतर कंपनीने मोडकी गाडी स्वतः ताब्यात घ्यावी आणि पूर्ण आयडीव्ही, वजावट काढून, द्यावी. बोलीची प्रत, नाव आणि मुदत मागा. पैसे खात्यात आल्याशिवाय गाडी वर्कशॉपच्या फाटकाबाहेर जाऊ देऊ नका.

आरसीचा विषय याहून गंभीर आहे. साल्व्हेजला दोन भाव असतात, विथ आरसी आणि विदाऊट आरसी. विथ आरसीला जास्त मिळतात आणि त्यामागचं कारण नेहमीच चांगलं नसतं. काही वेळा गाडी खरोखर दुरुस्त होऊन रस्त्यावर येते. काही वेळा फक्त कागद आणि चॅसिस नंबर हवा असतो, त्यावर चोरीची गाडी उभी करायला. दोन्हीत आरटीओच्या दप्तरी मालक म्हणून वडिलांचंच नाव राहिलं, तर उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं की नोटीस त्यांच्या दारात येते. विकली असली तरी दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. माझा सल्ला स्पष्ट आहे: थोडे पैसे कमी आले तरी चालतील, आरसी रद्द करूनच गाडी द्या. कायमची निकामी झालेल्या गाडीची खबर चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावी, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहेच. विथ आरसीच द्यायची ठरली तर फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलल्याची नोंद ऑनलाईन दिसेपर्यंत कोरे सही केलेले फॉर्म कोणाच्याही हाती देऊ नका. गाडीवर कधी कर्ज असेल आणि ते फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल, तर तो आधी उतरवून घ्या, नाहीतर चेक बँकेच्या नावाने निघतो.

वर्कशॉपबद्दल एक छोटी गोष्ट. दुरुस्ती होणार नाही हे कळलं की अनेक वर्कशॉप रोजचं पार्किंग भाडं आणि एस्टिमेट बनवल्याचे पैसे लावतात. आजच त्यांना विचारा, दर लेखी घ्या, आणि कंपनीला ईमेलमध्ये कळवा की निर्णय कंपनीकडून अडलाय, तोवरचं भाडं कंपनीवर.

आता कंपनीला काय लिहायचं. लांबलचक व्यथा लिहू नका. मी लोकांना इतकंच लिहायला सांगतो:

“क्लेम क्रमांक अमुक. १,७५,५०० रुपयांच्या आकड्याचा पार्टनिहाय तपशील, सर्व्हे रिपोर्टची प्रत, साल्व्हेजसाठी मागवलेल्या सर्व ऑफर, आणि टोटल लॉस नाकारण्याचं कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी द्यावं. गाडी उघडल्यावर दिसलेल्या नुकसानीचं सप्लिमेंटरी एस्टिमेट सोबत जोडलं आहे, फेरतपासणी करावी. तोवर दुरुस्तीला किंवा कॅश लॉसला माझी संमती नाही.”

शेवटचं वाक्य गाळू नका. १,३५,००० चा जो आकडा तुम्हाला फोनवर सांगितला, तो कॅश लॉस: दुरुस्ती न करता तडजोडीची रक्कम. त्याला पॉलिसीत कुठलाच ठरलेला हिशेब नाही, म्हणून तो फोनवर सांगितला जातो. गरजू माणूस आठवड्याभरात हो म्हणतो. सर्व्हे रिपोर्ट मागितल्यावर ग्राहकाला द्यावा लागतो, “तो आमचा अंतर्गत कागद आहे” हे उत्तर मान्य करू नका. आणि सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तो महत्त्वाचा पुरावा आहे पण शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की रिपोर्ट खोडून काढायला तुमच्याकडेही कागद हवा, नुसतं “मला मान्य नाही” पुरत नाही. दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट हा सर्वांत स्वस्त आणि चांगला कागद.

या टप्प्यावर काही लोकांना वेगळ्याच गोष्टींनी घाबरवलं जातं. पीयूसी संपलेली होती म्हणून क्लेम जाईल, असं सांगतात. अपघाताचा क्लेम केवळ त्या कारणाने नाकारता येत नाही, हे आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, २०२० मध्येच स्पष्ट केलं. कागद कमी आहेत म्हणून क्लेम फेटाळायचा नाही, हेही २०२४ च्या परिपत्रकात आहे. खरी भीती असावी ती दोन गोष्टींची. पंधरा वर्षांची नोंदणी संपून आरसीचं नूतनीकरण झालेलं नसेल, तर नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा कराराचा मूलभूत भंग ठरू शकतो. २०१४ च्या एका प्रकरणात तात्पुरती नोंदणी संपल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने क्लेम नाकारणं योग्य ठरवलं होतं. आणि बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर चढवलेलं नसेल तर त्याचे पैसे तर नाहीतच, वर वादाला निमित्त मिळतं. तुमची गाडी २०१६ ची आणि साधी पेट्रोल, तेव्हा दोन्ही लागू नाहीत.

मुदतींची नोंद ठेवा. २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हेअर चोवीस तासांत नेमायचा, त्याने पंधरा दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. उशीर झाला तर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त व्याज लागतं. ते आपणहून क्वचित दिलं जातं, मागावं लागतं.

कंपनीने सगळं फेटाळलं, तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. हवं तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही टाका. तिथे निवाडा होत नाही पण तक्रारीला नंबर पडतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की विमा लोकपाल. महाराष्ट्रासाठी मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतही नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या मागण्या तिथे ऐकल्या जातात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो, तिथली मुदत दोन वर्षांची. मी शक्यतो लोकपालांकडेच पाठवतो. तुमच्यासारख्या, आकड्यांवर उभ्या असलेल्या वादाला वर्षानुवर्षं तारखा घेण्याची गरज नसते. तिथे जाताना असेसमेंट शीटवर पेनाने गोल करून न्या: कुठला पार्ट सुटला, कुठे कर धरला नाही, साल्व्हेजची ऑफर किती होती. ऐकणारा माणूस अभ्यासू असतो, त्याला एका पानात गणित दिसलं पाहिजे.

मधल्या काळात पैशांची निकड असेल तर कंपनी देईल ती रक्कम घ्यायला हरकत नाही, पण डिस्चार्ज व्हाउचरवर (पैसे मिळाल्याची कंपनीची पावती) “पूर्ण आणि अंतिम” खाली मुकाट सही करू नका. सहीशेजारी “उर्वरित रकमेचा हक्क राखून, निषेध नोंदवून स्वीकारले” असं हाताने लिहा आणि फोटो काढा. व्हाउचरवरच्या सहीचा वापर करून ग्राहकाला जास्त भरपाई मागण्यापासून अडवू नये, असं परिपत्रक आयआरडीएआयने सप्टेंबर २०१५ मध्ये काढलेलं आहे. तरीही हाताने लिहिलेल्या त्या ओळीचा उपयोग होतो, कारण नंतर “खुशीने घेतले” असं म्हणायला जागा राहत नाही.

वडिलांच्या तीन लाखांचं काय? त्याला एक जागा आहे, फक्त ती त्यांच्या कंपनीकडे नाही. चूक ट्रकची होती. ट्रकच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई असते, साधारणपणे ७.५ लाखांपर्यंत. स्वतःच्या कंपनीकडून जे मिळालं ते दुसऱ्यांदा मिळत नाही, पण जे भरून निघालं नाही, म्हणजे आयडीव्ही आणि गाडीच्या खऱ्या किमतीतला फरक, क्रेन, पार्किंग, ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येतं. तिथे गाडीची प्रत्यक्ष किंमत हा मुद्दा असतो, म्हणून सर्व्हिसची बिलं, टायरची पावती, तशाच गाड्यांचे चालू भाव, हे सगळं जपून ठेवा. एफआयआरमध्ये ट्रकचा नंबर आणि चूक नोंदलेली हवी. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. इथे वकील लागेल आणि वेळही जाईल. ६०-७० हजारांच्या फरकासाठी तेवढं करायचं का, हे त्यांनी ठरवावं. मी असतो तर कंपनीकडून आयडीव्ही पूर्ण मिळाल्यावर कदाचित थांबलो असतो, पण एफआयआर मात्र नीट करून घेतलीच असती.

आता दुसऱ्या गाडीची आयडीव्ही. पहिल्या पाच वर्षांत ती ठरलेल्या तक्त्याने उतरते, पाचवं वर्ष भरताना ५० टक्क्यांवर येते. पाच वर्षांनंतर तक्ता नाही, कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. हे “आपसांत” हल्ली मोबाईलच्या पडद्यावर होतं आणि सहसा कमीत कमी आकडा आधीच भरलेला असतो, कारण त्याने प्रीमियम स्वस्त दिसतो. तो आकडा बदलता येतो. फरक किती पडतो पाहा: जुन्या टॅरिफ दराने मुंबई-पुण्यात अशा १२०० सीसीच्या, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला आयडीव्हीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम बसायचा. म्हणजे आयडीव्ही ६०,००० ने वाढवली तर सुमारे २,१०० रुपये, आणि त्यातून आजच्या सवलती आणि नो क्लेम बोनस जाऊन आणखी कमी. पडद्यावर वरचा आकडा घेऊ देत नसतील तर शाखेत जा, गाडीची तपासणी करा म्हणा, सर्व्हिसची फाईल दाखवा. वडिलांनी गाडी सांभाळली त्याचे पैसे इथे मागायचे.

पण फार वरही नेऊ नका. आयडीव्ही वाढली की ७५ टक्क्यांची रेषाही वर सरकते. २,४०,००० ला ती १,८०,००० वर होती, ३,००,००० ला २,२५,००० वर जाईल, आणि मधल्या आकाराच्या अपघातात तुम्ही पुन्हा दुरुस्तीच्या फटीत अडकाल. आज ती गाडी विकायला काढली तर व्यापारी नव्हे, ओळखीतला माणूस जेवढे देईल, तेवढी आयडीव्ही ठेवा. आणि वय बसत असेल तर झीरो डेप देणारी कंपनी शोधा, त्यासाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी द्या.